उजेड समोरून हवा

फाटकाची घंटा वाजायला लागली तसा प्रमुखाने बोलता बोलताच माऊस सरकवला आणि नकाशेवालीच्या चौकटीवर टिचकी मारून तिचा आवाज बंद केला. घंटा मध्येच तुटली. बाकीच्या चौकटींतल्या कुणाची पापणीही हलली नाही, इतकं ते सवयीचं झालं होतं. नकाशेवालीच्या घराला लागूनच रेल्वेचं फाटक होतं आणि गाडी यायच्या आधी ते ठणाणा करायचं. सकाळच्या मीटिंगमध्ये एकदा तरी हे व्हायचंच, आणि घंटा सुरू होते न होते तोच प्रमुखाचं बोट तिथे पोचलेलं असायचं. या चपळाईचा त्याला थोडा अभिमानही होता.

"तर, ओट्याची उंची," तो म्हणाला आणि पुढे सुरू झाला.

चौघं चार गावांत बसून परक्या लोकांची स्वयंपाकघरं आखायची. नकाशेवाली आराखडा काढायची, मावशी त्यातलं माप न् माप तपासायची, दाढीवाला तयार झालेलं स्वयंपाकघर कसं दिसेल त्याची चित्रं करायचा, आणि प्रमुख या सगळ्यांना रोज सकाळी एका पडद्यावर आणायचा. मावशी खरं तर कुणाचीच मावशी नव्हती. पण वयाने सगळ्यांत मोठी, त्यात मीटिंग सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाच्या तब्येतीची चौकशी करणारी, म्हणून ते नाव तिला चिकटलं होतं. प्रमुखाला सगळे तोंडावर सर म्हणत आणि पाठीमागे घड्याळकाका. हे त्याला माहीत होतं, आणि मनातून आवडतही होतं.

तो येण्याआधी इथल्या मीटिंगचा नुसता बाजार असायचा. एक बोलायला लागला की बाकीचे "ऐकू येतंय का" विचारत, कुणाचं मूल रडे, कुणाच्या घरात मिक्सर फिरे, आणि अर्धा दिवस घालवून ठरायचं काय, तर पुन्हा भेटू. प्रमुखाने आल्या आल्या नियम घातले. कॅमेरा चालू हवा, चेहरा दिसायला हवा. उजेड समोरून हवा, पाठीमागून नको, नाहीतर माणूस दिसत नाही, माणसाची सावली दिसते. मागे पसारा नको. मागे खोटं चित्रही लावायचं नाही, कारण हातात फरशीचा नमुना धरला की ते चित्र नमुनाच गिळून टाकतं. बोलायची पाळी येईपर्यंत माइक बंद, ज्याच्या कामावर चर्चा चालू असेल त्याचा तेवढा उघडा. फोन मुका करून टेबलावर पालथा. आणि टाळ्या अजिबात वाजवायच्या नाहीत, हेडफोनमधून त्या डोक्यात घणासारख्या बसतात. कुणाचं कौतुक करायचं असेल तर दोन्ही हात वर करून नुसते पंजे हलवायचे. सुरुवातीला सगळे हसले. मग मीटिंग कपातला चहा कोमट व्हायच्या आत संपायला लागली तेव्हा हसणं थांबलं.

घरी त्याची बायको मात्र हसायची थांबली नव्हती. ती दातांची डॉक्टर होती.

"मी दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगते आणि तू बंद करायला," ती म्हणायची. "आपला संसार बरा चालायचा."

नकाशेवाली सगळ्यांत नवी. काम चोख, बोलणं मोजकं. ती लागली तेव्हा पहिल्या आठवड्यात तिची चौकट म्हणजे नुसता काळोख होता. खिडकीकडे पाठ करून ती बसायची, त्यामुळे मागे लख्ख उजेड आणि मध्ये डोक्याच्या आकाराची सावली. प्रमुखाने तिला मीटिंगनंतर थांबवून घेतलं आणि टेबल फिरवायला सांगितलं. तेव्हा तिने विचारलं, कॅमेरा बंदच ठेवला तर चालेल का.

त्याने चेहऱ्याचं महत्त्व समजावून सांगितलं. हे तो छान समजावायचा. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"सर, एक माणूस आहे. त्याच्यापासून मी निघून आलेय. मी कुठे आहे हे त्याला कळलं तर तो येईल."

"नवरा?"

"हो."

"पोलिसांत?"

"दिलीय तक्रार. तेवढ्याने तो थांबायचा नाही. तो ओरडत वगैरे नाही, सर. शांतपणे शोधत राहतो."

प्रमुखाला वाईट वाटलं. खरंच वाटलं. तो दगडाचा माणूस नव्हता. पण एकीला सूट दिली की उद्या दाढीवाला मागणार, परवा मावशी, आणि एवढ्या कष्टाने बसवलेली घडी विस्कटणार, हेही त्याला त्याच क्षणी दिसलं. आणि घरच्या भांडणात माणूस थोडं वाढवूनच बोलतो, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. ते त्याने मनातच ठेवलं.

"अगं, पण आपली मीटिंग म्हणजे घरातल्या घरात," तो म्हणाला. "आपण चौघं. इथे बाहेरचं कुणी येत नाही, येणार नाही. माझा शब्द."

तिने मागे वळून एकदा खिडकीकडे पाहिलं.

"बाहेरचं कुणी नसेल तर ठीक आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने टेबल फिरवलं होतं. चेहऱ्यावर खिडकीचा स्वच्छ उजेड आला होता. तिची एकच खोली होती, त्यामुळे टेबल फिरवल्यावर तिच्या पाठीमागे खोलीचं दार दिसायला लागलं, आणि त्या दाराच्या कडीखाली तिरकी करून टेकवलेली एक लाकडी खुर्ची. चौकटीत ती फारच वाकडी दिसत होती. दोन-तीन दिवस प्रमुखाने सोडून दिलं. मग सगळ्यांच्या देखत, गोड शब्दांत, त्याने मागे पसारा नको हा नियम पुन्हा एकदा वाचून दाखवला. त्यानंतर खुर्ची दिसली नाही.

कंपनीला त्याच्या मीटिंगचं एवढं कौतुक वाटलं की मीटिंग कशी घ्यावी याचा नमुना म्हणून एका रेकॉर्डिंगचा छोटा तुकडा कंपनीच्या इंटरनेटवरच्या पानावर सगळ्यांना बघण्यासाठी टाकला गेला. त्यात प्रमुख होता, मावशी होती, हातात फरशीचा तुकडा धरलेली नकाशेवाली होती, आणि तिच्या बाजूने सुरू होऊन लगेच तुटलेली घंटाही होती. घंटेचा तो भाग प्रमुखाने मुद्दाम ठेवायला सांगितला होता. गोंगाट कसा हाताळावा हे त्यातून नेमकं कळत होतं. नकाशेवालीला कुणी विचारलं नाही. विचारावं असं कुणाला सुचलंही नाही.

त्याच आठवड्यात एका अनोळखी माणसाचा फोन आला, पुढे सगळे ज्याला पाहुणा म्हणायला लागले त्याचा. आवाज मऊ, बोलणं अदबीचं. त्याची स्वतःची लहानशी टीम होती, माणसं लांब लांबच्या गावी, आणि मीटिंगमध्ये कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. तुमचा तुकडा पाहिला, म्हणाला, पुन्हा पुन्हा पाहिला. प्रमुखाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पाहुण्याने प्रश्नही नेमके विचारले. वेळ कशी पाळता, दोघं एकदम बोलले तर काय करता, गोंगाट झाला तर काय.

"त्या ताईंच्या मागे घंटा वाजते ती कसली हो?"

"रेल्वेचं फाटक," प्रमुख म्हणाला. "घराला अगदी चिकटून आहे. पण बघितलंत ना, कळायच्या आत बंद करतो मी."

"कमाल आहे," पाहुणा म्हणाला.

मग बोलता बोलता त्या फाटकाच्या गावाचं नाव निघालं. त्याने सहज विचारलं आणि याने सहज सांगितलं. शेवटी पाहुण्याने अगदी संकोचत विचारलं की थोडे दिवस तुमच्या मीटिंगमध्ये नुसतं मागे बसून शिकता येईल का. कॅमेरा बंद, माइक बंद, एक शब्द बोलणार नाही. मी तर तुमच्यापासून पार दुसऱ्या टोकाला राहतो, म्हणाला, समुद्राच्या काठी, नाहीतर प्रत्यक्षच येऊन पाय धरले असते.

जेवताना त्याने हे बायकोला सांगितलं. तिने घास तोंडाशी नेता नेता थांबवला.

"ती मुलगी आहे ना तुझ्या टीममध्ये, जिला कॅमेरा नको होता? तिला विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं? शिकायला येतोय बिचारा."

"तू तिला काहीतरी शब्द दिला होतास म्हणालास."

"बाहेरचं कुणी येणार नाही असं म्हणालो होतो. हा काय बाहेरचा? कोपऱ्यात बसणार, दिसणारसुद्धा नाही."

"दिसणार नाही म्हणूनच विचारतेय," बायको म्हणाली. त्याने भाजी वाढून घेतली आणि विषय बदलला.

पाहुणा दुसऱ्या दिवसापासून यायला लागला. काळी चौकट, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत फक्त 'पाहुणा'. नाव त्याने स्वतःच घातलं होतं, आणि प्रमुखाला ते विनयाचं लक्षण वाटलं. त्या दिवशी ती काळी चौकट उमटली आणि थोड्याच वेळात नकाशेवालीचीही चौकट काळी झाली.

"कॅमेरा," प्रमुख म्हणाला.

काही झालं नाही. मावशीने चष्मा काढून पुसला.

"आपण सगळे थांबलोय," प्रमुख म्हणाला.

मग चौकट उजळली. नकाशेवाली नेहमीसारखी बसली होती, फक्त खुर्ची थोडी मागे घेतलेली. मीटिंग संपल्यावर तिचा निरोप आला, हे पाहुणे कोण, सर. त्याने लिहिलं, सज्जन माणूस आहे, मी स्वतः बोललोय, अजिबात काळजी नको. बऱ्याच वेळाने पुन्हा निरोप आला, त्यांना एकदा बोलायला लावाल का, फक्त आवाज ऐकायचाय.

मागणी विचित्र होती, पण तिचं मन राखायला त्याने दुसऱ्या दिवशी पाहुण्याला विनंती केली, दोन शब्द बोला, ओळख करून द्या. काळी चौकट गप्प राहिली. मग खाली लिहिलेली अक्षरं उमटली. घसा पूर्ण बसला आहे, क्षमा असावी, बरा झालो की नक्की. मावशीने ताबडतोब मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. दाढीवाल्याने आणखी काहीतरी सुचवलं. नकाशेवाली त्या अक्षरांकडे बघत राहिली. नोकरी सोडायची तर खोलीचं भाडं कुठून द्यायचं हा प्रश्न तिच्यापुढे होता, आणि समोर एक भला माणूस शब्द देऊन बसला होता. तिने मान खाली घालून आराखडा उघडला.

पाहुण्याचा घसा काही बरा झाला नाही. पण तो रोज यायचा, वेळेआधी यायचा, सगळ्यांच्या आधी त्याची काळी चौकट येऊन थांबलेली असायची. कधी खोकला नाही, कधी खुर्ची करकरली नाही. भिंतीला कान असतात म्हणतात, इथे तर भिंतीच नव्हत्या, पण असं काही तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही. एकदा दाढीवाल्याच्या घरात कुत्रं भुंकलं तेव्हा प्रमुख म्हणाला, पाहुण्यांकडून शिका जरा. पाहुण्याने खाली एक हसरा चेहरा टाकला.

त्या दिवसांत नकाशेवाली एका वृद्ध बाईंच्या स्वयंपाकघरावर काम करत होती. पहिल्यांदाच तिला अख्खं काम एकटीच्या जबाबदारीवर मिळालं होतं. बाई एकट्या राहणाऱ्या, त्यांना ऐकू कमी यायचं. नकाशेवालीने ओटा उचलून थेट समोरच्या भिंतीला नेला होता. मावशीने विचारलं, नळ तर इकडे आहे, मग एवढा खटाटोप कशाला. त्यावर ती नेहमीपेक्षा जरा जास्त बोलली. ओट्याशी उभं राहणाऱ्याची पाठ दाराकडे नको, ती म्हणाली, आत कोण येतंय ते काम करता करता दिसायला हवं, ज्यांना ऐकू येत नाही त्यांना तर हवंच. मावशीने तिचे जुने आराखडे काढून पाहिले. एकाही स्वयंपाकघरात उभ्या माणसाची पाठ दाराकडे नव्हती. हे मावशीने मीटिंगमध्ये कौतुकाने सांगितलं. दार पाठीशी ठेवून बसलेल्या नकाशेवालीने ते ऐकलं आणि किंचित हसली.

आराखडा ग्राहकाकडे गेला. ओट्यासाठी दगडाचे नमुने नकाशेवालीने हातात घेऊन पाहावेत म्हणून प्रमुखाने नमुन्यांची पेटी तिच्या पत्त्यावर पाठवायची व्यवस्था केली. आदल्या दिवशीच्या मीटिंगच्या शेवटी त्याने तिला बजावून सांगितलं, पेटी उद्या सकाळी मीटिंग चालू असतानाच येईल, मागच्या वेळी दार उघडलं नाहीस म्हणून ती परत गेली, या वेळी दारावर थाप पडली की लगेच उठायचं, मीटिंगची फिकीर करायची नाही. एवढी सवलत तो सहसा कुणाला देत नसे.

"उठेन," ती म्हणाली.

सगळ्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं वेळेवर आले. पाहुण्याची चौकट नव्हती. हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि प्रमुखाला उगीचच चुकल्यासारखं वाटलं. त्याने यादी दोनदा तपासली.

"पाहुण्यांची गाडी चुकली वाटतं," दाढीवाला म्हणाला.

प्रमुखाने सुरुवात केली. बातमी चांगली होती आणि ती त्याने उगीच ताणली नाही. वृद्ध बाईंनी आराखडा पसंत केला होता, एकही रेघ न बदलता. त्यांनी कळवलं होतं की माझ्या मनातलं या मुलीला कसं कळलं. प्रमुखाने ते वाक्य दोनदा वाचलं. मावशीने दोन्ही हात वर करून पंजे हलवले, दाढीवाल्यानेही हलवले, प्रमुखानेही हलवले. पडद्यावर सगळीकडे नुसते हात दिसत होते, आवाज कसलाच नाही. नकाशेवालीने ओठ दाबून धरले, मग तिला ते जमलं नाही आणि ती हसली. दात दिसतील असं तिचं हसणं टीमने पहिल्यांदा पाहिलं. प्रमुखाला वाटलं, बरं झालं आपण कॅमेऱ्याचा हट्ट सोडला नाही. हे दिसलं नसतं.

तेवढ्यात काळी चौकट उमटली. पाहुणा. आज मात्र त्याचा माइक उघडा राहिला होता. कापडाची खसखस ऐकू आली, पावलं वाजली, जवळून एक गाडी गेली. कुठेतरी रस्त्यावर, खिशात फोन घेऊन तो चालला असावा. प्रमुख त्याला सांगणारच होता, इतक्यात फाटकाची घंटा सुरू झाली.

प्रमुखाच्या हाताला आता सांगावं लागत नव्हतं. नकाशेवालीच्या चौकटीवर एक टिचकी. घंटा थांबली नाही. तर मग पाहुण्याच्या चौकटीवर दुसरी. घंटा थांबली. सगळं कसं स्वच्छ झालं. हे सगळं होईपर्यंत त्याचं वाक्यसुद्धा तुटलं नव्हतं. तो दगडाच्या नमुन्यांवर आला.

नकाशेवालीने मान वळवून मागे पाहिलं. मग पडद्याकडे वळून हात वर केला, अंगठ्याने दाराकडे दाखवलं. तिच्या ओठांवरून शब्द कळत होता. पेटी.

"जा, जा. घेऊन ये," प्रमुख म्हणाला.

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि उठली.

मावशीच्या चौकटीचा माइक उघडला. पाळी नसताना मावशी कधी बोलत नसे.

"सर, मध्येच बोलते. आत्ता घंटा दोघांकडून आली का?"

"कुठली घंटा?"

"फाटकाची. तिच्याकडून आली ती रोजचीच. पण तिला बंद केल्यावरही ती चालूच होती. पाहुण्यांकडून. तीच घंटा होती, सर."

दाढीवाल्याने हातातला कप खाली ठेवला.

"पाहुणे तर समुद्राच्या काठी राहतात," प्रमुख म्हणाला. हे तो मावशीला सांगत होता. सांगता सांगता त्याने काळ्या चौकटीकडे पाहिलं. पांढरी अक्षरं जिथल्या तिथे होती. शांतपणे शोधत राहतो, असं कुणीतरी म्हटलेलं त्याला आठवलं, आणि ते कोण म्हणालं होतं तेही आठवलं. फाटकाबद्दल त्याने स्वतः सांगितलं होतं. गावाचं नाव त्याने सांगितलं होतं. आज कुणासाठी, कधी दार उघडायचं, तेही.

"अगं, थांब," तो ओरडला. "दार उघडू नकोस. ऐकतेस का? उघडू नकोस."

टेबलावरच्या हेडफोनमध्ये तो आवाज कुठेतरी बारीक वाजला असेल. ती खोलीच्या मध्यापर्यंत पोचली होती. तिकडे काय चाललंय ते निदान ऐकू यावं म्हणून त्याने तिच्या चौकटीवर टिचकी मारली, मग पुन्हा मारली. ज्या बोटाने रोज आवाज बंद व्हायचा त्या बोटाने तो उघडत नव्हता. इथे कुणाचंही तोंड बंद करायची मुभा त्याला होती, उघडायची नव्हती. उघडायचं ते ज्याचं त्याने. त्याला फार तर विनंती करता येत होती. त्याने ती केली. बोलण्याची विनंती पाठवली आहे, अशी एक ओळ चौकटीखाली उमटली.

"फोन लावा," मावशी म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "फोन लावा हो तिला."

त्याने लावला. नकाशेवालीच्या टेबलावर पालथा ठेवलेला फोन थरथरला आणि घसरत थोडा कपाकडे सरकला. आवाज त्याला नव्हताच. नियम पाळण्यात तिने कधी कसूर केली नव्हती.

ती दाराशी पोचली. कडीला हात लावला आणि का कोण जाणे, तिने मागे वळून पडद्याकडे पाहिलं. फोनची थरथर टेबलातून जाणवली असेल, किंवा नुसतंच काहीतरी वाटलं असेल. प्रमुखाने दोन्ही हात वर केले आणि जिवाच्या आकांताने हलवले. नको, नको. मावशीने हलवले. दाढीवाला खुर्चीतून उठून दोन्ही हात हलवत होता. तिघांचीही तोंडं उघडी होती.

तिने ते लांबून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आधी थोडं आश्चर्य आलं, एवढा वेळ झाला तरी यांचं संपलं नाही म्हणून. मग ती लाजली. तिने कडीवरचा हात काढला, दोन्ही हात वर केले आणि त्यांच्यासारखेच पंजे हलवून दाखवले. आजवर कुणाच्या कौतुकाला तिने असं उत्तर दिलं नव्हतं.

मग ती दाराकडे वळली.

पडद्यावरून पाहुण्याची चौकट नाहीशी झाली. एक जण कमी झाला की उरलेल्या चौकटी आपोआप सरकून ती जागा भरून काढतात, तशा त्या सरकल्या, आणि तिची खोली आधीपेक्षा थोडी मोठी दिसायला लागली. उजेड समोरून येत होता, त्यामुळे दार अगदी स्पष्ट दिसत होतं. खाली विनंतीची ओळ तशीच होती. तिला अजून उत्तर आलेलं नव्हतं.